परीक्षेपुरती परत आलेली बाई

माझ्या नणंदेबद्दल लोक म्हणतात, "बाई मोठी शांत." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शांत माणूस वेगळा आणि गप्प केलेला माणूस वेगळा. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी दुसऱ्याच्या स्वभावावर बोलू नये. मी स्वतः तापट आहे, ते काही मी लपवत नाही. माझा आवाज खालच्या जिन्यापर्यंत जातो असं शेजारीण सांगते. म्हणूनच वन्संची हकिगत मी सांगायला बसले आहे. त्यांनी स्वतः सांगितली तर दोन वाक्यांत आटोपतील, आणि त्या दोन्ही वाक्यांत कुणाचीच चूक नसेल.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. त्यांचं लग्न एका घड्याळ दुरुस्तीवाल्याशी झालं. माणूस दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची पुसून देणारा. फक्त दुकानात जाताना घराला बाहेरून कुलूप लावून जायचा. बायको आत. दुपारी जेवायला येऊन उघडायचा, जाताना पुन्हा लावायचा. एकदा शेजारच्या घरात गॅसचा भडका उडाला आणि धूर भिंतीवरून वन्संच्या घरात शिरला. वन्सं आतून दार बडवत होत्या. गल्लीतल्या लोकांनी कुलूप फोडलं. त्या बाहेर आल्या त्या तशाच चालत आमच्याकडे आल्या, पायात काही नव्हतं. परत गेल्या नाहीत.

ह्यावर त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "काळजीपोटी लावत असेल ग."

आमचे हे टपाल कचेरीत खिडकीवर बसतात. दिवसभर जाळीमागे लोकांचं ऐकून घेतात, आणि ते साठलेलं सगळं घरी ताटावर बसलं की बाहेर काढतात. वन्सं आमच्याकडे राहायला आल्यापासून त्या भाषणाला कायमचा विषय मिळाला. "ताई, बाईचं खरं घर एकच असतं." "ताई, भांड्याला भांडं लागायचंच." "माणूस वाईट नसतो, वेळ वाईट असते." "दोरी दोन्हीकडून ताणली की तुटते, एकाने सैल सोडावी." आणि सैल कोणी सोडायची ते सांगायची गरजच नाही. माझी लेक तेव्हा खालच्या वर्गात होती. तीही तिथेच बसून सगळं ऐकत जेवायची.

मी म्हणायची, "अहो, भांड्याला भांडं नव्हतं लागलं, दाराला कुलूप लागलं होतं!" त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "हा आमचा बहीणभावांचा विषय आहे, तू मध्ये पडू नकोस." मग मी पातेलं आपटायची आणि वन्सं हळूच म्हणायच्या, "वहिनी, जाऊ दे. भाजी छान झाली आहे." असं किती वर्षं चाललं! मी शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत माझं मशीन, आणि मशीनच्या मागे वन्संची खाट. माझ्याकडे कपड्यांचं माप द्यायला बायका आल्या की वन्संनी उठून स्वयंपाकघरात जायचं. बाईमाणसाला अंगावरचं काढायचं असतं, आडोसा लागतो. वन्संना मात्र त्या घरात कुठेच आडोसा नव्हता.

त्यांनी काम शोधलं ते मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात. तळघरात ती जागा. एका बाजूला मोठमोठी मशीनं घरघरतात, दुसऱ्या बाजूला लांब टेबलांवर बायका समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतात. वन्सं आधी डाग वेगळे करायच्या कामावर होत्या. रक्ताची चादर आधी गार पाण्यात घालायची, गरम पाण्यात गेली की डाग कायमचा बसतो, एवढं शिकून घेतलं आणि पुढे सगळंच शिकल्या. हळूहळू त्या तिथे अशा रुळल्या की कुठल्या मजल्यावर किती अभ्रे गेले हे लोक त्यांनाच विचारायचे.

तर झालं असं, की तिथल्या विभागप्रमुख बाई निवृत्त होणार होत्या. मेट्रनने वन्संना बोलावून सांगितलं, "जागा तुमचीच आहे. पण नियमाप्रमाणे शाळेची शेवटची परीक्षा पास असल्याचा दाखला लागतो. तेवढा आणा." त्या जागेबरोबर रुग्णालयाच्या मागच्या आवारात राहायला एक खोली मिळायची. एक खिडकी, आतच नळ, आणि आतून लावायची कडी. वन्संनी मला ती खोली बाहेरूनच दाखवली होती. काचेला नाक लावून आम्ही दोघी आत बघत होतो.

नेमका त्याच सुमारास घड्याळवाल्याचा निरोप आला. तब्येत बरी नसते, घर खायला उठतं, झालं गेलं विसरून जाऊ, वगैरे. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी! बहिणीच्या वेळी कधी आलं नव्हतं हो. ह्यांनी वन्संना समोर बसवलं आणि निकाल दिला. "ताई, परीक्षेत पास झालीस तर तू तुझी मोकळी. पण नापास झालीस तर ह्या खेपेला मी स्वतः तुला तिकडे पोचवून येणार."

पोचवून! टपालवाल्याला सगळं जग पार्सलच दिसणार.

वन्सं "बरं" म्हणाल्या आणि कामगारांच्या संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं. गणित त्यांना जड नव्हतं. इतिहास पाठ केला. अडलं ते साहित्याच्या पेपरला. त्या पेपराला एक अख्खी कादंबरी नेमलेली होती. शंभर वर्षांपूर्वीची, थोर, अजरामर, म्हणजे जिच्याबद्दल सगळे आदराने बोलतात आणि जी कुणीच वाचत नाही अशी. संध्याकाळच्या शाळेचे मास्तर दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवायचे आणि इथे येईपर्यंत त्यांच्यात हवा राहिलेली नसायची. वन्संनी पुस्तक मागितलं तर म्हणाले, "प्रती संपल्या. वाचनालयात बघा, तिथे असेल."

वाचनालयात होती. वन्सं घेऊन आल्या. जुनी, जाडजूड, पिवळी पडलेली. मी म्हटलं, "ही उशाला घ्यायची की वाचायची?"

सुरुवातीला त्यांना ती अजिबात आवडली नाही. गोष्ट एका गिरणीमालकाच्या बायकोची. नवरा हात उगारत नाही, शिवी देत नाही. तो तिच्याशी बोलतच नाही. काय सांगायचं ते नोकराला सांगतो आणि नोकर तिला सांगतो, ती समोर उभी असताना. पानंच्या पानं ही बाई खिडकीशी बसून नदीकडे बघते आणि रडते. वन्सं बटाटे सोलताना मला सांगायच्या, "वहिनी, नदी आहे हे मला पहिल्या ओळीत कळलं. ह्याने आणखी किती वेळ सांगावं?" वाक्यं इतकी लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. "ऊठ की ग बाई," असं त्या पुस्तकाला रागावून म्हणायच्या. मी पहिल्यांदाच त्यांना कुणावर रागावताना बघत होते. मला बरं वाटायचं.

बाकीचे विद्यार्थी गाईड वाचत होते. गाईडमध्ये सगळं असतं, कथानक, स्वभावचित्रण, भाषेचं सौंदर्य, संभाव्य प्रश्न. कादंबरी उघडायची गरजच नाही. मीही म्हटलं, "वन्सं, आणू का गाईड?" तर म्हणाल्या, "दुसऱ्याने चावलेला घास कशाला?" आणि मग त्यांना त्या पुस्तकाची गोडीच लागली. मशीन फिरत असेतो डब्याच्या पिशवीतून काढून वाचायच्या. घड्या घालणाऱ्या बायकांनी विचारलं, तर त्यांना रोजचा भाग सांगायला लागल्या. मग काय, अख्खं तळघर त्या गिरणीवालीच्या मागे लागलं. चादरीची दोन टोकं दोघींच्या हातात, पुढे यायचं, मागे जायचं, आणि तोंडाने चाललंय, "मेल्याच्या तोंडाला काय बोळा कोंबलाय का?" "नोकर तरी कसला, सांगायचं ना त्याला, तुझं तूच बोल म्हणून!" एक थोराड बाई तर रोज कामावर आल्या आल्या विचारायची, "सोडलं का ग तिने घर?"

एक दिवस मी वन्संना डबा पोचवायला तळघरात गेले होते. टेबलाभोवती सगळ्या जमल्या होत्या आणि वन्सं उभ्या राहून वाचून दाखवत होत्या. गिरणीवाली पहाटे उठते. नवऱ्याच्या खोलीच्या दारात जाऊन त्याला मोठ्याने, नोकराकरवी नाही, स्वतःच्या तोंडाने सांगते, "मी जाते." तो नोकराला हाक मारतो. ती थांबत नाही. घाटावर येते, नावेत बसते. नावाडी विचारतो, "कुठे सोडू?" ती म्हणते, "पलीकडे. पुढचं माझं मी बघेन." पुस्तक संपलं. त्या थोराड बाईने ओरडून हातातली चादर हवेत अशी उडवली की मेट्रन वरून बघायला आली.

त्या दिवशी माझ्या वन्संचा चेहरा मी पाहिला आहे. कुणी मला सांगू नये त्या शांत आहेत म्हणून.

परीक्षेला निम्म्याहून जास्त गुणांचा प्रश्न आला तो नेमका शेवटावरच. 'कादंबरीचा शेवट तुम्हाला कसा वाटला ते सविस्तर लिहा.' वन्सं घरी आल्या त्या उड्या मारायच्याच बाकी. "वहिनी, पुरवणी घेतली मी! हात दुखून आला तरी लिहीत होते." नवरा नोकराला हाक मारतो ती जागा किती भारी आहे, नावाड्याला ती पत्ता का सांगत नाही, हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना साखर जरा जास्त घालून चहा दिला. आम्ही पडद्याचं कापड कुठलं घ्यायचं ह्यावर बोलायला लागलो.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. साहित्यात नापास.

ह्यांनी तो कागद वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "देवाच्या मनात असतं ते बरोबरच असतं." मी अशी भडकले की काय बोलले ते मला आठवत नाही, पण शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. दुसऱ्या दिवशी वन्संचा हात धरून मी मास्तरांकडे गेले.

मास्तर वह्या तपासत होते. मी म्हटलं, "वन्संनी पुस्तक पाठ केलंय आणि तुम्ही नापास करता?" ते म्हणाले, "मी नाही हो, बाहेरचे परीक्षक करतात." मग वन्संना विचारलं, "शेवटाच्या प्रश्नाला काय लिहिलंत?" वन्संनी सांगितलं. नाव, घाट, नावाडी, पलीकडे. मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही कुठलं पुस्तक वाचलंत?"

"तुम्ही सांगितलेलं. वाचनालयातलं."

मास्तरांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. तेच नाव, तोच लेखक, खाली छापलेलं, शालेय आवृत्ती. म्हणाले, कित्येक वर्षांपूर्वी एका समितीला वाटलं की कोवळ्या वयाच्या मुलांपुढे असा शेवट नको. म्हणून शेवटची तीन प्रकरणं काढली आणि समितीतल्याच कुणीतरी दीड पान नवीन लिहून जोडलं. त्या दीड पानात नाव अर्ध्या नदीत जाते, गिरणीवालीला घरातला दिवा दिसतो, तिचं मन भरून येतं, ती नाव वळवायला सांगते. नवरा दारात उभा असतो. तो तिला नावाने हाक मारतो. समाप्त.

लेखक मरून गेलेला. तो काय करणार?

"अहो, पण तुम्हाला हे माहीत होतं ना?" मी विचारलं.

"होतं की. कॉलेजात आम्ही मूळचीच वाचली."

"मग वन्संना वाचनालयात कशाला पाठवलंत?"

मास्तर जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. अगदी प्रामाणिकपणे वन्संना म्हणाले, "बाई, तुम्ही शेवटपर्यंत वाचाल असं वाटलं नव्हतं मला. सगळे गाईडच वाचतात. गाईडमध्ये शेवट शाळेचाच असतो. इतक्या वर्षांत हा घोटाळा कधी झालाच नाही."

म्हणजे बघा. त्या शाळेतून इतकी माणसं पास होऊन गेली ती कादंबरी न वाचता, आणि ह्या एकट्या नापास झाल्या त्या वाचली म्हणून. माझ्या हातात तेव्हा काही जड नव्हतं हे मास्तरांचं नशीब.

मी म्हटलं, अर्ज करू, भांडू, वर्तमानपत्रात देऊ. मास्तर म्हणाले, "करा. दोन-तीन वर्षांत उत्तर येईल." मग वन्संकडे वळून म्हणाले, "नाहीतर पुरवणी परीक्षा आहे. ह्या पुस्तकाप्रमाणे लिहा, सुटाल." आणि ते पातळ पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

मेट्रनने पुरवणी परीक्षेपर्यंत जागा अडवून ठेवायचं कबूल केलं. ह्यांनीही, माझं तोंड बघून, पोचवायचा बेत तेवढ्यापुरता पुढे ढकलला. "पण तेवढंच हं," म्हणाले.

मास्तरांकडून परतताना मी वन्संना म्हटलं, "लिहू नका तुम्ही तसलं. लाज वाटायला हवी त्या समितीला." त्या चालत राहिल्या. "वन्सं, तुम्ही ऐकताय का?" तेव्हा थांबल्या. "वहिनी, तुम्ही रागवा. तुम्हाला परवडतं. मला खोली हवी आहे." मला राग आला त्यांचा. पण त्यांचं काही चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

पुरवणी परीक्षेचा प्रश्न तर पहिल्यापेक्षा गुळगुळीत. 'नायिकेचा घरी परतण्याचा निर्णय कसा योग्य आहे ते पटवून द्या.' पटतो का असं विचारलंच नव्हतं. पटवून द्या!

वन्सं संध्याकाळी घरी आल्या, हातपाय धुतले, भाजी चिरायला बसल्या. मी विचारलं, "कसा गेला?" म्हणाल्या, "सोपा होता." एवढंच.

पुढे निकाल लागला आणि वन्सं साहित्यात पहिल्या आल्या. अख्ख्या केंद्रात पहिल्या. संध्याकाळच्या शाळेने छोटासा कार्यक्रम ठेवला. खोलीत बाकं सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, परीक्षकांनी एक उत्तर नमुना म्हणून मुद्दाम पाठवलं आहे, ते वाचून दाखवतो.

आणि वाचायला लागले. "बाईचं खरं घर एकच असतं. भांड्याला भांडं लागतंच, म्हणून कुणी भांडी फेकून देत नाही. माणूस वाईट नसतो, वेळ वाईट असते. तो बोलत नव्हता तो काळजीपोटी. दोरी दोन्हीकडून ताणली की तुटते…"

पहिल्यांदा मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून मी वन्संकडे बघितलं. त्या मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या. मग माझं हसू जिरलं. परीक्षेला बसलेल्या वन्सं माझ्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांना काही रचून लिहावं लागलंच नव्हतं. इतकी वर्षं ताटावर बसून जे ऐकलं, ते एकेक वाक्य त्यांनी उतरवून काढलं होतं, आणि वर परीक्षकाने शेरा मारला होता, 'अंतःकरणातून आलेले लेखन'.

आणि आमचे हे? ह्यांना आपलीच वाक्यं ओळखू आली नाहीत! पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते, मधूनच रुमालाने डोळे टिपत होते. टाळ्या झाल्यावर उठून बहिणीजवळ गेले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चारचौघांत म्हणाले, "ताई, तुला शेवटी पटलं. मला माहीत होतं, तू समजूतदार आहेस. आता कशाला ती खोली न बिली? मी उद्याच त्याला कळवतो, येऊन घेऊन जा म्हणून."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वन्संच बोलल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"अरे, ही वाक्यं तुझी आहेत. एकही माझं नाही. इतकी पटत असतील तर तूच जा त्याच्याकडे राहायला. तो दाराला बाहेरून कुलूप लावतो, तेवढं सांभाळून घे. काळजीपोटी लावतो."

कुणीतरी खाकरलं. ह्यांचा हात तसाच हवेत राहिला. वन्संनी मास्तरांच्या टेबलावरून आपला दाखला उचलला, मला म्हणाल्या, "चला वहिनी," आणि आम्ही निघालो. त्याच आठवड्यात त्यांची खाट मशीनच्या मागून गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी खुशीत असते. वन्संना जागा मिळाली, खोली मिळाली. पडदे मी शिवले. मी एकदा म्हटलं, "जिंकलात हो!" तर त्या म्हणाल्या, "मी आले इकडे. तिला तिकडे पाठवून आले." मला वाटलं, पुस्तकातल्या बाईचं कसलं एवढं मनाला लावून घ्यायचं! सुटलं, संपलं.

संपलं कुठलं. नमुना उत्तर ते. ते गाईडवाल्यांनी उचललं.

माझी लेक शेवटच्या वर्गात गेली. तिलाही तीच कादंबरी, म्हणजे तेच दीड पान शेवटाचं. परवा संध्याकाळी मी मशीनवर होते आणि ती खिडकीशी गाईड घेऊन घोकत होती. डोळे मिटून, पुढेमागे डुलत. "बाईचं खरं घर एकच असतं. बाईचं खरं घर एकच असतं. भांड्याला भांडं लागतंच, म्हणून कुणी…" माझा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. मी पुस्तक हिसकावून घेतलं. तेच. शब्दन् शब्द तेच, खाली ठळक अक्षरांत, 'पूर्ण गुण मिळवणारे उत्तर'. देशभरच्या पोरी माझ्या नवऱ्याची ताटावरची बडबड पाठ करतायत! आणि माझी स्वतःची पोरगी, जिच्या कानाशी मी एवढी पातेली आपटली, तिला ते पाठ करायला कष्टच पडत नव्हते.

"आई, दे ना, उद्या चाचणी आहे," ती म्हणाली. "सोपं आहे ग हे. बाबा बोलतात तसंच आहे."

मी उठले. मशीन झाकून ठेवलं. स्वयंपाक केला, पानं घेतली, तिघं जेवायला बसलो. ह्यांनी टपाल कचेरीतलं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, "थांबा. आज मी सांगणार आहे." आणि लेकीकडे वळले. "चाचणीत तुला काय लिहायचं ते लिही. पास तर व्हायलाच हवं. पण ती बाई परत आली नव्हती. ते मागून लिहिलेलं आहे. आत्याने लिहिलं ते खोली मिळावी म्हणून लिहिलं. खरं काय झालं ते आता ऐक."

"आत्याने?" पोरीचा घास हातातच राहिला. "गाईडमधलं ते आत्याचं आहे?"

"अक्षर आत्याचं," मी म्हटलं. "बोल कुणाचे ते तुझे बाबा सांगतील."

ह्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. त्या कार्यक्रमानंतर इतका काळ गेला, पण ह्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याची खूण मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. तरी सवय सवयच. गळा साफ केला आणि म्हणाले, "पण शेवटी बाईचं खरं—"

"जेवा," मी म्हटलं.

ते जेवायला लागले. मी पोरीला सुरुवातीपासून सांगितलं. नवरा, नोकर, खिडकी, पहाट. घाटावर आल्यावर नावाडी विचारतो, कुठे सोडू, तिथे मी थांबले. "मग?" ती म्हणाली. मग गिरणीवाली काय म्हणाली ते मी सांगितलं, आणि भात वाढला.